लॉज जळाल्यानंतरचं हरिकेन रिज: आई-बाबांना घेऊन केलेली ऑलिंपिकची ट्रिप

हरिकेन रिजवरचा डे लॉज जळाला हे सिएटलकडच्या बहुतेक मराठी मंडळींना माहीत आहे, पण आता तिथं नेमकं काय उरलंय, म्हातारी माणसं घेऊन जावं का, हे विचारणारे मेसेज आम्ही परत आल्यापासून येतच आहेत. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. जुलै २०२५ च्या शेवटच्या वीकेंडला आम्ही गेलो होतो. आम्ही म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि साताऱ्याहून आलेले माझे आई-बाबा. बाबा एसटीतून रिटायर, वय ७१, रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येणारे. आई ६७, दोन्ही गुडघ्यांची तक्रार, पण डोंगर बघायची हौस बाबांपेक्षा जास्त.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. ऑलिंपिक नॅशनल पार्क वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम टोकाला आहे, त्यात समुद्रकिनारा, रेनफॉरेस्ट आणि बर्फाचे डोंगर असं सगळं एकाच पार्कात येतं. त्यातला गाडीनं पोचता येणारा डोंगरमाथा म्हणजे हरिकेन रिज, उंची ५,२४२ फूट, पोर्ट अँजेलिस गावापासून १७ मैल, म्हणजे समुद्राकाठून निघालात की पाऊण तासात वर. वर १९५२ साली बांधलेला डे लॉज होता. लॉज म्हटलं तरी राहायच्या खोल्या नव्हत्या, खाण्याचा काउंटर, छोटं दुकान, माहितीचं दालन, टॉयलेट आणि मोठ्या काचांसमोर बसायची जागा एवढंच. ७ मे २०२३ ला तो जळून खाक झाला. एक कोटी डॉलरच्या आसपासचं दुरुस्तीचं काम चालू होतं म्हणून इमारत बंदच होती, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही हे नशीब. आग कशानं लागली हे तपासातही ठरवता आलं नाही, इतकं सगळं जळून गेलं होतं.

आमचा एक ट्रेकर मित्र आहे, त्याला प्लॅन सांगितला तर म्हणतो, बरं झालं गेला तो लॉज, डोंगरावर बिल्डिंग हवीय कशाला. मी तेव्हा काही बोलले नाही, पण मला हे पटत नाही. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याच्यासाठी डोंगर होता तसाच आहे, त्याचं काही जळालेलं नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांचं गेलंय. ही ट्रिप करून आल्यावर तर मला हे अजूनच पक्कं वाटायला लागलंय.

शुक्रवार

निघायला दुपार झाली कारण श्रावण त्याच दिवशी लागला आणि पहिल्या शुक्रवारची जिवतीची पूजा केल्याशिवाय आई घराबाहेर पाऊल टाकणार नव्हती. जिवतीचा कागद तिनं साताऱ्याहून बॅगेत आणलेला. श्रावणाचा दुसरा परिणाम असा की डंजनेस क्रॅब ज्या गावच्या नावानं जगभर खाल्ला जातो त्या गावाच्या बाजूनं आम्ही जाणार आणि बाबांना तोंडात घालता येणार नाही. गटारीला चिकन झालं होतं, पण खेकड्याचं दुःख वेगळं. संपूर्ण ट्रिपभर प्रत्येक हॉटेलचा बोर्ड वाचून उसासे टाकत होते.

एडमंड्सहून किंग्स्टनची फेरी घेतली, अर्ध्या तासाची. टिप: ६५ च्या पुढच्या प्रवाशांना फेरीत अर्धं तिकीट आहे, वयाचा पुरावा जवळ ठेवा, पासपोर्टची झेरॉक्स असली तर बरं. मुलांना फुकट. बाबांना हे ऐकून इतका आनंद झाला की डेकवर गेल्यावर समुद्राकडे बघायचं सोडून मला एसटीत ७५ च्या पुढे कसं फुकट आहे आणि बायकांना हाफ तिकीट लागू झाल्यावर डेपोचं गणित कसं बदललं हे सांगत बसले. आई रेलिंगला धरून उभी, पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळलेला, आणि लेक तिला सील दिसतंय का ते दाखवत होती. दिसलं नाही. ओंडका निघाला.

पुढे हूड कॅनॉलचा तरंगता पूल लागतो. काँक्रीटच्या पोकळ तराफ्यांवर उभा केलेला, खाली खारं भरती-ओहोटीचं पाणी. १९७९ च्या फेब्रुवारीत वादळात याचा पश्चिमेकडचा अर्धा भाग बुडाला होता हे नवऱ्यानं पुलाच्या बरोबर मध्यावर असताना सांगितलं. आई म्हणाली, "जावईबापू, हे पलीकडं गेल्यावर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

मुक्काम पोर्ट अँजेलिसच्या एका साध्या मोटेलमध्ये. समोर हुआन दे फुका सामुद्रधुनी, पलीकडे कॅनडाचे दिवे. रात्री दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेलं दूध. झोपायच्या आधी मी दुसऱ्या दिवसाचं पाणी भरून ठेवलं, कारण वर प्यायला पाणी मिळत नाही. लॉजबरोबर पाण्याची सोयही गेली.

शनिवार

सकाळी उठलो तर गाव धुक्यात. म्हणजे समोरचं बंदर दिसेना इतकं. आईचा चेहरा पडला, म्हणाली आता वर काय दिसणार, महाबळेश्वरला ऑगस्टमध्ये गेल्यासारखं होणार. मी धीर दिला पण मलाही खात्री नव्हती.

आधी गावातल्या पार्कच्या व्हिजिटर सेंटरला थांबलो, आणि हे प्रत्येकानं करावं असं मी म्हणेन. वरचा लॉज गेल्यापासून शेवटचं धड टॉयलेट आणि शेवटचा नळ हाच समजा. नकाशे इथंच घ्या, वर कुठली वाट मोकळी आहे ते इथंच विचारा. उन्हाळ्यात वीकेंडला वरचं पार्किंग लवकर भरतं आणि मग खाली गेटवरच गाड्या थांबवतात, एक गाडी खाली आली की एक वर सोडतात. आग लागल्यावर २०२३ च्या जूनअखेर रस्ता परत उघडला तेव्हा तर रोजच्या गाड्यांची संख्याच बांधलेली होती. बाबा म्हणाले आपल्या कासला नाही का, फुलांच्या दिवसांत ऑनलाइन बुकिंग असल्याशिवाय सोडत नाहीत, तसंच.

गेटवरची रांग नको म्हणून आम्ही गाडी गावात लावली आणि क्लॅलम ट्रान्झिटची बस पकडली, उन्हाळ्यात ती रिजपर्यंत जाते. बसला तिकीट नाही, पण पार्कची एंट्री फी किंवा पास लागतो. आमच्याकडे सगळ्या नॅशनल पार्कांना चालणारा ८० डॉलरवाला वार्षिक पास होता त्यावर सगळे बसले. अजून एक, ज्येष्ठ नागरिकांचा स्वस्त पास असतो तो फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांना, व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मिळत नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवू नका.

बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. घाट सुरू झाल्यापासून त्यांचं लक्ष खिडकीबाहेर नव्हतंच, गिअर कधी बदलतोय, वळणाला हॉर्न का देत नाही, रिटार्डर कसा आहे, ही सगळी कॉमेंट्री मराठीत. बोगदे लागले. आणि बोगद्यांच्या पुढे कुठल्या तरी वळणावर धुकं संपलं, एकदम, काही कळायच्या आत. खाली सगळा पांढरा थर, समुद्र नाही, गाव नाही, कॅनडाही नाही, आणि वर कडक निळं आकाश. बसमधल्या सगळ्यांनी एकदम "ओह" केलं आणि आई मोठ्यानं "अगं बाई" म्हणाली. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि हसला. इथं हे उन्हाळ्यात नेहमीचं म्हणे, समुद्रावरचे ढग खाली अडकून राहतात. तेव्हा गावात धुकं आहे म्हणून प्लॅन रद्द करू नका, आधी रिजवरचा वेबकॅम बघा.

वर उतरलो. समोर अख्खी बेली रेंज, तिच्या मागे माउंट ऑलिंपस, जुलै संपत आला तरी ग्लेशियर घेऊन बसलेला. कुरणात जांभळे ल्युपिन आणि गुलाबी पेंटब्रश ही रानफुलं. आई दोन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "बसायचं कुठं?"

तोच प्रश्न आहे. लॉज होता तिथं आता कुंपणाआड रिकामी जागा आहे. मी २०१९ ला आले होते तेव्हा बाहेर गार वारं होतं आणि आम्ही आत काचेजवळ हॉट चॉकलेट घेऊन तासभर बसलो होतो, आमच्या शेजारच्या टेबलावर व्हीलचेअरवरचे एक आजोबा दुर्बिणीतून डोंगर बघत होते. ती काच आणि ते टेबल हेच त्यांचं शिखर. आता पार्किंगच्या कडेला तात्पुरती टॉयलेटं, दोन-चार बाक, आणि एक रेंजर बाई टेबल टाकून नकाशा पसरून बसलेली.

टॉयलेटबद्दल स्पष्टच लिहिते कारण कुणी लिहीत नाही. पाणी नाही, हात धुवायला फक्त सॅनिटायझर. स्वच्छता बरी होती, पण गर्दी वाढली की वास येणारच. आईनं व्हिजिटर सेंटर सोडल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, मला हे दोन तासांनी कळलं. मी म्हटलं, "आई, पाणी पी ना, एवढं ऊन आहे." तर म्हणते, "नको, मग जावं लागतं." आपल्याकडच्या बायका आयुष्यभर एसटीच्या प्रवासात हेच करत आल्यात, उंचीवर आणि उन्हात ते चांगलं नाही. तुमच्या आईला घेऊन जाणार असाल तर हे आधी बोलून घ्या, ओले टिश्यू आणि पाण्याची एक वेगळी बाटली बरोबर ठेवा, आणि त्यांच्याबरोबर दारापर्यंत जा. एवढ्यानं खूप फरक पडतो.

बाबा, नवरा आणि लेक हाय रिजच्या वाटेनं वर गेले. वाट छोटी आहे पण चढ आहे, वरून दोन्ही बाजू दिसतात, एकीकडे डोंगर आणि दुसरीकडे सामुद्रधुनी. त्या दिवशी सामुद्रधुनीच्या जागी ढगच. खरी प्रसिद्ध वाट हरिकेन हिलची, १.६ मैल एका बाजूनं, पूर्ण डांबरी, पण ती सुरू होते पार्किंगच्या पुढे दीड मैलावर, बसनं आलात तर तेवढं चालणं जास्तीचं धरा. मी आईला घेऊन बिग मेडोच्या सपाट वाटेवर गेले. ही मात्र सगळ्यांना जमण्यासारखी आहे. एक हरीण अगदी दहा फुटांवर येऊन चरायला लागलं, आईनं लगेच पिशवीत हात घातला, मी हात धरला. काहीही खायला घालायचं नाही, इथं दंड होतो.

परत येऊन रेंजरशी गप्पा मारल्या. लेकीनं तिला शेळ्या कुठे आहेत विचारलं, तिच्या पुस्तकात चित्र होतं. रेंजर म्हणाली, हेलिकॉप्टरनं गेल्या. खरंच. डोंगरी शेळ्या इथल्या मूळच्या नाहीत, १९२० च्या दशकात शिकारीसाठी आणून सोडलेल्या, नंतर इतक्या वाढल्या की कुरणं उकरून टाकायला लागल्या आणि माणसांवर धावून यायला लागल्या, २०१० मध्ये एकाचा जीव गेला. त्यांना मीठ हवं असतं, इथल्या खडकांत ते नाही, म्हणून माणसांच्या घामाच्या आणि लघवीच्या मागे लागायच्या. २०१८ ते २०२० मध्ये शेकडो शेळ्या डोळ्यांवर पट्टी बांधून, झोळीत घालून हेलिकॉप्टरला लटकवून कॅस्केड्स डोंगररांगेत नेऊन सोडल्या. लेक हसून हसून लोळली. आईला मी भाषांतर करून सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे शेळ्यांनासुद्धा इथं संडासाचाच प्रॉब्लेम."

लॉजचा विषय निघालाच, आणि त्याच महिन्यात ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमवरचा लॉज वणव्यात गेला होता, तोही निघाला. तो तर आधी १९३२ मध्ये जळून पुन्हा बांधलेला. रेंजरचं म्हणणं, इथल्या नव्या इमारतीसाठी पैसे मंजूर झालेत, डिसेंबर २०२४ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, आठ कोटी डॉलर दिलेत, पण डोंगरावर बांधकामाचा सीझन म्हणजे बर्फ वितळून परत पडेपर्यंतचे थोडेच महिने. हिवाळ्यात वर ३० फुटांहून जास्त बर्फ पडतं.

दुपारी वारं सुटलं. हरिकेन नाव उगाच नाही, हिवाळ्यात इथं ताशी ७५ मैलांच्या वर झोत येतात म्हणे, आमच्या वाट्याला आलं ते त्याच्या पाव हिश्शाचं असेल तरी आईचे दात वाजायला लागले. स्वेटर, शाल, माझं जॅकेट, सगळं घालून झालं. बस यायला अजून वेळ होता, वर गेलेली मंडळी आली नव्हती. ज्यांच्या गाड्या होत्या ते गाडीत जाऊन बसले. आमची गाडी खाली गावात. आडोसा म्हणून मी आईला टॉयलेटच्या मागे घेऊन उभी राहिले, बाकी भिंतच नाही कुठे.

तेवढ्यात एक बाई आल्या, सत्तरी पार केलेल्या, काठी हातात, आणि सरळ आईला म्हणाल्या, चल, माझ्या गाडीत बस. जुनी सुबारू, मागे कुत्र्याची गोधडी. त्यांनी हीटर लावला. त्या पोर्ट अँजेलिसच्याच, शाळेत असताना इथंच स्कीइंग शिकल्या, वर दोरीला धरून ओढत नेणारी छोटी लिफ्ट आहे, १९५८ पासून गावातले लोक मिळून ते चालवतात. म्हणाल्या, त्या लॉजमध्ये गावातल्या अर्ध्या आया बसलेल्या असायच्या, पोरांचे ओले हातमोजे घेऊन, थर्मासमधली कॉफी पीत, काचेतून बघत. नवरा गेल्यावर त्या एकट्या यायच्या, खिडकीजवळ बसून विणायच्या. आता येतात आणि गाडीत बसतात. "इट्स नॉट द सेम सीट," एवढंच म्हणाल्या.

आईला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येण्याचा प्रश्नच नाही. पण मी थोडा वेळ बाबांना शोधायला गेले आणि परत आले तर दोघी मजेत. आईनं पिशवीतून सातारचे कंदी पेढे काढले होते, त्या बाईंनी एक खाऊन दुसरा हातात धरला होता, आणि आई त्यांना स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी सांगत होती, त्याही आपल्या गुडघ्यावर हात ठेवून मान हलवत होत्या. कोणता डॉक्टर, कोणतं तेल, देव जाणे. बस आली तेव्हा आई उठायला तयार नव्हती.

उतरताना बाबांनी ड्रायव्हरला उतारावर पूर्ण वेळ लो गिअर ठेवल्याबद्दल अंगठा दाखवला. प्रोफेशनल कर्टसी.

रविवार

आदल्या दिवशीच्या थंडीनं आईचे गुडघे धरले होते म्हणून होह रेनफॉरेस्टचा लांबचा पल्ला रद्द केला आणि जवळचं बघितलं. त्याचं वाईट वाटलं नाही.

आधी एल्व्हा नदी. मॅडिसन फॉल्स हा धबधबा पार्किंगपासून जेमतेम दोनशे पावलांवर, डांबरी वाट, बाक आहेत, आईसाठी एकदम योग्य. पुढचा रस्ता पुरात वाहून गेल्यापासून गाड्यांना बंद आहे. पण बाबा अडकले ते नदीकाठच्या माहितीच्या बोर्डवर. या नदीवर दोन धरणं होती, एक १९१३ चं, दुसरं १९२७ चं, २१० फूट उंच. माशांना वर जायला वाटच ठेवली नव्हती, त्यामुळे साल्मन मासा समुद्रापासून पाचेक मैलांवर अडकून राहिला आणि वरची सगळी नदी रिकामी. २०११ ते २०१४ मध्ये दोन्ही धरणं पाडली. मुद्दाम. बाबांनी मला दोनदा विचारलं, मोडकळीला आलं होतं म्हणून पाडलं ना? नाही बाबा, माशांसाठी आणि इथल्या मूळनिवासी क्लॅलम लोकांसाठी.

बाबांच्या आत्याचं सासर कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. त्यांना सोलापूरकडे जमीन मिळाली आणि आत्या शेवटपर्यंत त्या जमिनीला आपली म्हणाली नाही, असं बाबा सांगतात. मी त्यांना बोर्डवर नसलेली एक गोष्ट सांगितली, की तलाव रिकामा झाल्यावर क्लॅलम लोकांची एक पवित्र जागा, जिथं आपली उत्पत्ती झाली असं ते मानतात, ती शंभर वर्षांनी पाण्याबाहेर आली. फक्त गोष्टींत ऐकलेली जागा. आणि २०२३ मध्ये त्यांनी आपल्या नदीत परत मासेमारी केली, थोडीशी, समारंभापुरती आणि खाण्यापुरती. बाबा म्हणाले, उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक जाऊन दर्शन घेतात, आणि पाऊस झाला की परत खाली. मग बराच वेळ पाण्याकडे बघत उभे होते. लेक दगड फेकत होती, तिला त्यांनी पहिल्यांदाच थांबवलं नाही.

दुपारी लेक क्रेसेंट. पाणी इतकं निळं कसं, तर त्यात नायट्रोजन फार कमी, म्हणून शेवाळ वाढत नाही. खोली सहाशे फुटांच्या आसपास. काठावर १९१६ च्या आसपासचा लाकडी लॉज आहे, १९३७ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट इथं राहून गेले आणि पुढच्या वर्षी हा नॅशनल पार्क झाला. राहायचं असेल तर कित्येक महिने आधी बुकिंग लागतं, पण नुसतं आत जाऊन बसायला कुणी अडवत नाही. तळ्याकडे तोंड करून काचेची सनरूम आहे, वेताच्या खुर्च्या. आई त्यात बसली ती बसलीच. चहा मागवला, तो आपल्या हिशेबानं गरम पाणीच, तरी तिनं तक्रार केली नाही. बाबा मात्र आत शिरल्यापासून छताकडे बघत फिरत होते. मला वाटलं कोरीव काम बघतायत. फायर एक्स्टिंग्विशर मोजत होते. डेपोत सेफ्टीचं काम बघायचे पूर्वी. "सगळं लाकूड आहे," मला हळूच म्हणाले, "एवढं एक शाबूत राहिलं पाहिजे."

मी, नवरा आणि लेक तेवढ्यात मेरीमिअर धबधब्याला जाऊन आलो, जाऊन-येऊन पावणेदोन मैल, शेवटी पायऱ्या. जुनी झाडं, नेचे, दमट वास, आंबोलीची आठवण झाली. धबधबा ९० फूट. आंबोलीवाल्यांना पाण्याचा जोर कमी वाटेल.

संध्याकाळी गावात पिझ्झा. बाबांनी शेजारच्या टेबलावरच्या खेकड्याकडे इतकं निरखून बघितलं की त्या माणसानं विचारलं, ट्राय करणार का. बाबांनी आईकडे बघितलं. विषय संपला.

सोमवार

पहिला श्रावणी सोमवार, आईचा उपास. खजूर, केळी, आणि घरून आणलेली साबुदाण्याची खिचडी मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये. दुसऱ्या दिवशी नागपंचमी असल्यामुळे काहीही करून रात्रीपर्यंत घरी पोचायचं होतं.

वाटेत स्क्विम. नाव लिहितात Sequim, म्हणतात स्क्विम, स्पेलिंग बघून कळणार नाही. हे गाव डोंगरांच्या पावसाच्या सावलीत आहे, पश्चिमेच्या होहला वर्षाला १४० इंच पाऊस आणि इथं साधारण १६. मधे फक्त डोंगर. महाबळेश्वर आणि माण-खटाव डोळ्यासमोर आणा म्हणजे समजेल, बाबांना तर सांगावंही लागलं नाही. कमी पावसामुळे इथं लॅव्हेंडर चांगलं येतं, जुलैत मोठा उत्सव असतो, तो आदल्याच आठवड्यात झाला होता पण शेतं अजून जांभळी होती आणि गर्दी नव्हती. म्हणजे उत्सवाच्या नंतरच्या आठवड्यात जाणं जास्त चांगलं. आईनं फूल हातात चुरगाळून वास घेतला आणि हा साबणाचा वास आहे असा निकाल दिला.

डंजनेस स्पिटलाही थांबलो, समुद्रात मैलोन् मैल घुसलेली वाळूची पट्टी, टोकाला दीपगृह. टोकापर्यंत चालत जाणं म्हणजे दिवसभराचं काम. वरच्या कठड्यावरूनच बघितलं, तिथपर्यंत झाडीतून अर्धा मैल सोपी वाट आहे. आमचा तोच ८० डॉलरवाला वार्षिक पास इथंही चालला.

परत हूड कॅनॉलच्या पुलाशी आलो तर पूल बोटीसाठी उघडलेला. मधला भाग सरकवून बाजूला घेतात आणि दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा. वेळेचं गणित करताना हा अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा, फेरी यामुळेच चुकते. इंजिन बंद करून बसलो. बाबांनी मागून विचारलं, "तो वरचा लॉज कधीपर्यंत होईल म्हणाली ती?"

नवरा म्हणाला, तारीख नाही सांगितली बाबा, काही वर्षं लागतील.

बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "आमचा व्हिसा २०३२ पर्यंत आहे. तोवर झालं पाहिजे."

"सगळं नंतर बांधा म्हणावं," आई डोळे मिटूनच म्हणाली, "आधी संडास बांधा. आणि नळाला पाणी."